'टॉम डूली' बॅलड नाही म्हणे! मग बॅलड म्हणजे नक्की काय हो?

तिरकीट | शुक्रवार, रात्री १०:५०

मंडळी, डोकं तापलंय म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणांनीही टाकावा, आज मला काहीही चालेल.

आमच्या हापिसात दरवर्षी गाण्यांची स्पर्धा असते. यंदा दुसऱ्या फेरीला विषय होता 'बॅलड'. म्हटलं, हे तर आपलंच अंगण. कॉलेजात असल्यापासून गिटार खाजवतोय आणि पूर्ण बसवलेलं पहिलं गाणं म्हणजे 'टॉम डूली'. किंग्स्टन ट्रिओनं १९५८ साली म्हटलं आणि अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेलं, तेच. नॉर्थ कॅरोलायनात १८६६ मध्ये लॉरा फॉस्टर या मुलीचा खून झाला, त्यासाठी टॉम डूला (गाण्यात 'डूली') नावाचा माणूस १८६८ मध्ये फासावर गेला आणि लोकांनी त्याचं गाणं केलं. खून, खटला, फास. आणखी काय पाहिजे?

गायलो. टाळ्या पडल्या. मग परीक्षक (बाहेरून बोलावलेले, भर मे महिन्यात गळ्यात मफलर) माईकवर म्हणाले, "गाणं गोड आहे, पण यात बॅलड कुठाय? बॅलड म्हणजे स्लो, इमोशनल." विषयाला धरून असण्याचे दहापैकी शून्य.

माझ्यानंतर अकाउंट्समधल्या एका बाईंनी व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' घेतलं. शेवटी ती वर उडी येते ना, तिथे आवाज असा फाटला की पहिल्या रांगेनं चपला बघायला सुरुवात केली. पहिला नंबर त्यांचाच. त्यांच्यावर राग नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःहून डब्यातली कोथिंबीरवडी घेऊन आल्या. पण शून्य?

---

पोहे_बिनशेंगदाणे | शुक्रवार, रात्री ११:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

बेसूर_बासरी | शुक्रवार, रात्री ११:२०

तिरकीटराव, हलकेच घ्या, पण परीक्षकांचं बरोबर आहे. शब्दकोशातला अर्थ वेगळा, दुकानातला वेगळा. कॅसेटच्या जमान्यात वर 'लव्ह बॅलड्स' लिहिलेली कॅसेट घरी आणली आणि आतून खून निघाला, असं कधी झालंय का? संथ लय, प्रेम नाहीतर विरह, पियानो, मागे व्हायोलिनं, शेवटी जीव तोडून ओरडणं. झालं बॅलड.

---

तिरकीट | शुक्रवार, रात्री ११:३१

मग बीटल्सचं 'द बॅलड ऑफ जॉन अँड योको' (१९६९) काय आहे? नावातच बॅलड. लग्न करायचंय म्हणून साउथॅम्प्टन, पॅरिस, जिब्राल्टर, ॲम्स्टरडॅम अशी वणवण, आणि ती बातमीदारासारखी टकाटक सांगितलेली. संथ अजिबात नाही. (अवांतर: त्या रेकॉर्डिंगला बँडमधले दोघंच हजर होते, लेनन आणि मॅकार्टनी. ड्रमवर मॅकार्टनी बसला होता.)

---

बेसूर_बासरी | शुक्रवार, रात्री ११:३८

आणि त्याच बँडचं 'येस्टरडे' (१९६५)? एक गिटार, तंतुवाद्यांची चौकडी, दोन मिनिटांत खेळ खलास. ती का गेली हे खुद्द गाणाऱ्यालाच माहीत नाही, म्हणजे गोष्टीच्या नावानं शंख. पण शंभर जणांना विचारा, शंभर जण त्यालाच बॅलड म्हणतील. तुमच्या जॉन-योकोला कोण म्हणतं, नाव तसं ठेवलं नसतं तर?

---

शाहिरी_बाणा | शनिवार, सकाळी ७:१५

भांडू नका. आपल्याकडचा घोळ साहेबानं घातलाय. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ हा मुंबईतला इंग्रज अधिकारी. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय ज्याच्या नावाचं आहे, तोच. त्यानं शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या जोडीनं जुने पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले आणि त्यातल्या निवडक पोवाड्यांचं इंग्रजी १८९४ मध्ये काढलं. नाव काय दिलं? 'बॅलड्स ऑफ द मराठाज'. तेव्हापासून बॅलड म्हणजे पोवाडा हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तिरकीटरावांनी डफ घेऊन अफझलखानाचा वध म्हटला असता तरी माझ्या लेखी ते बॅलडच. मफलरवाले खुर्चीतून पडले असते ते वेगळं.

---

दुसरी_आजी | शनिवार, सकाळी ९:४०

शाहीरबुवा, माहिती छान, पण पोवाडा आणि तिकडचं जुनं बॅलड ही सख्खी भावंडं नव्हेत हो. पोवाड्याला कर्ता असतो. शेवटी शाहीर स्वतःचं, गुरूचं नाव घालतो. समोर बिदागी देणारा बसलेला असतो, त्यामुळे सूर चढा, पराक्रमाचा.

तिकडे हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्डनं १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ बॅलड्स पाठभेदांसकट छापली. जवळजवळ सगळी निनावी. तोंडातून तोंडात गेलेली, आणि त्या तोंडांत बायका पुष्कळ. ॲबर्डीनची ॲना गॉर्डन अठराव्या शतकातली, तिच्याकडून कितीतरी गाणी मिळाली. ती कुठे शिकली? आई, मावशी आणि घरातली म्हातारी दाई यांच्याकडे. मला तर पोवाड्यापेक्षा जात्यावरचा सीतेचा वनवास जवळचा वाटतो. माझी आजी दळताना म्हणायची. लक्ष्मण सीतेला सोडून परत फिरतो तिथे खुंटा धरलेला हात थांबायचा, पदरानं डोळे टिपायचे, मूठभर जोंधळे घालायचे आणि पुढची ओवी. गाताना मात्र आवाज जराही हलत नसे. रडायचं ते जातं थांबवून.

जुन्या बॅलडचंही तेच. 'बार्बरा ॲलन' घ्या. सॅम्युएल पीप्सनं १६६६ च्या जानेवारीत रोजनिशीत त्या गाण्याचा उल्लेख केलाय, इतकं जुनं. मुलगा मरायला टेकलाय, तिला बोलावणं धाडतो. ती सावकाश येते, पडदा सारून बघते आणि कोरडेपणानं सांगते की तू काही वाचत नाहीस. परत जाताना घंटेचे टोले कानावर येतात. कुठेही 'हाय रे माझं काळीज' नाही. सांगणारा बाजूला उभा असतो. व्हिटनीच्या गाण्यात बाजूला कुणी उभंच नाही, जी भोगते तीच गाते. माझ्या मते फरक लयीचा नाहीच, तो इथे आहे.

---

पोहे_बिनशेंगदाणे | शनिवार, सकाळी ९:५५

आजी, दंडवत. पॉपकॉर्न संपले, चहा टाकतो.

---

जुनी_रद्दी | शनिवार, दुपारी १:१०

आजींनी नेमकी नस धरली. 'तो आणि ती' जाऊन 'मी आणि तू' कधी आले, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्या वळणावर एक गाणं मैलाच्या दगडासारखं उभं आहे. चार्ल्स के. हॅरिसचं 'आफ्टर द बॉल', छापलं १८९२ साली. रेकॉर्ड नव्हे, नोटेशनचे छापील कागद. घराघरांत पियानो होता, लोक कागद विकत आणून वाजवायचे. याचे लाखोंनी खपले.

त्यात चांगली ऐसपैस गोष्ट आहे. छोटी पुतणी म्हाताऱ्या काकाच्या मांडीवर चढून विचारते, काका, तू एकटा का? लग्न का नाही केलंस? काका सांगतो, होती एक. नाचाच्या मोठ्या समारंभात तिला तहान लागली. मी पाणी घेऊन आलो तर ती दुसऱ्याच पुरुषाच्या मिठीत. ग्लास हातातून पडला, फुटला, मी निघून गेलो. काही ऐकून घेतलं नाही. वर्षं गेली, ती वारली आणि एक दिवस त्या माणसाचं पत्र आलं. तो तिचा भाऊ होता.

पुतणी, ग्लास, पत्र, भाऊ हे सगळं कडव्यांत आहे. तीन लांबलचक कडवी, आणि प्रत्येकानंतर तेच वॉल्ट्झच्या ठेक्यातलं धृपद: नाच संपल्यावर, पहाट झाल्यावर किती जणांची मनं मोडलेली असतात. धृपदात गोष्ट औषधालाही नाही. आणि सोबत काय आलं, तर धृपदच. आजही ज्यांना ते गाणं माहीत आहे त्यांना धृपद येतं, भाऊ कुणालाच आठवत नाही.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत न्यूयॉर्कच्या टिन पॅन ॲलीनं, म्हणजे तिथल्या गाणी छापणाऱ्या प्रकाशकांच्या गल्लीनं, हेच ओळखलं. धृपद फुगत ३२ मात्रांच्या... चुकलो, ३२ बारच्या (बार म्हणजे तालाचा एक छोटा तुकडा) पक्क्या साच्यात बसलं, कडवं आक्रसत गेलं. शेवटी कडवं म्हणजे देवळाबाहेर चपला काढायची जागा उरली. नाचाच्या बँडला ते नकोच होतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून गायकांनीही ते कापलं. कडवं गेलं आणि त्याच्या पोटातली गोष्टही गेली. पण प्रकाशक असल्या हळव्या गाण्यांना आधीपासून बॅलड म्हणत आले होते, तेच म्हणत राहिले. वाड्याचं नाव तेच, आतलं बिऱ्हाड बदललं. मग नाचायच्या जलद गाण्यांपासून वेगळं ओळखायला 'बॅलड' म्हणजे नुसतं 'संथ' असा अर्थ उरला.

त्यात १९२५ पासून विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. आधी गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत ओरडावं लागे. आता बिंग क्रॉस्बीसारखा माणूस कानाशी कुजबुजू शकत होता. कानाशी कुजबुजायचं म्हटल्यावर 'तो' आणि 'ती'ची कहाणी कोण सांगत बसेल? तिथे 'मी' आणि 'तू'च शोभतं.

गोष्ट किती साफ गेली बघा: जॉन कोल्ट्रेनचा १९६३ चा 'बॅलड्स' नावाचा अल्बम आहे. सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम. गायकच नाही. एक शब्द नाही आणि नाव बॅलड्स!

---

तिरकीट | शनिवार, दुपारी १:४५

रद्दीशेठ, लोटांगण. म्हणजे माझी गोष्ट चोरीला गेली आणि चोरी मला आज कळली. पण सगळी कुठे गेली? बॉब डिलनचं 'हरिकेन' (१९७५) आहे की. रुबिन कार्टर हा मुष्टियोद्धा खुनाच्या आरोपात तुरुंगात होता, त्याची आठ मिनिटांवरची तावातावानं मांडलेली कैफियत. व्हायोलिन असं सुटलंय की विचारू नका. हे तर थेट चाइल्डच्या घराण्यातलं.

---

बेसूर_बासरी | शनिवार, दुपारी २:०५

मान्य. पण ते दुकानात 'बॅलड्स'च्या खणात ठेवत नाहीत. :)

---

पळय_रे | शनिवार, रात्री ११:५०

मी मडगावचा. बारा वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि लग्नांत कीबोर्ड वाजवला. तुमचं वाचून मजा आली, कारण आमच्या धंद्यात या शब्दावर कधी वाद झाल्याचं आठवत नाही. तीन जाइव्ह (जलद नाचाची गाणी) झाले, लोक घामाघूम झाले, की बँडलीडर मागे वळून म्हणणार, "आता एक बॅलड घे." म्हणजे स्लो नंबर. जोडपी जवळ येतील, म्हातारे खुर्चीत बसतील, बार चालेल. गाण्यात खून आहे का पुतणी, कोणी विचारत नाही.

आम्ही ओळखतो ड्रमरच्या डाव्या हातावरून. बॅलड सुरू झालं की तो काठी स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) आडवी टाकतो आणि कडेवर टक... टक... करत राहतो. पूर्ण ठोका नाही. लोकांना वाटतं आराम करतोय. उलट तेव्हाच त्याची खरी परीक्षा, कारण दोन ठोक्यांमधली जागा मोठी असते आणि तिथे घाई केली की सगळ्यांना दिसते. आमचा एक ड्रमर होता, जाइव्हमध्ये वाघ. बॅलड आलं की पळायचा. गायिका वळून बघायची आणि तो छताकडे.

आता गोंयची गोष्ट. आमचा मांडो बघा. संथ, प्रेमाचा, विरहाचा, कडवं आणि धृपद असलेला. तुमच्या परीक्षकांचं बॅलड. त्याच्या मागून येतं दुलपद, उडतं, आणि त्यात गावातल्या भानगडी, कोण कुणाबरोबर गेलं, कुणाची फजिती झाली. ते तुमचं, तिरकीटबाब. आमच्याकडे दोघांना वेगळी नावं आहेत आणि एकाच बैठकीत एकामागून एक होतात, म्हणून भांडण नाही. आणि मांडो हा नाच पण आहे. बॅलड शब्दसुद्धा मुळात नाचाचाच ना? लॅटिन 'बल्लारे', नाचणे. बॅले, बॉल, सगळे त्यातलेच.

---

लसूणचटणी | रविवार, सकाळी ८:३०

मला एक बाळबोध शंका आहे. संथ म्हणजे बॅलड, तर संथ ब्लूजला बॅलड का म्हणत नाहीत? अंगाईला?

---

पांढरी_चार | रविवार, सकाळी ११:२५

शंका बाळबोध नाही, धाग्यातली सगळ्यात चांगली आहे. (मी पेटी शिकवतो, त्यामुळे थोडं पेटीच्या भाषेत.)

संथ ब्लूजमध्ये बारा बारचं एक चक्र असतं. फिरून फिरून तिथेच येतं, जणू अंगणात येरझाऱ्या. मजा येरझाऱ्यांतच आहे. अंगाईला तर कुठे पोचायचंच नसतं, पोचली तर मूल जागं होईल. पॉपमधलं बॅलड मात्र जिना चढतं. खाली सुरू होतं, प्रत्येक कडव्यागणिक एकेक पायरी, आणि गच्चीवर पोचल्याशिवाय संपत नाही. गोष्ट गेली असं रद्दीशेठ म्हणतात. मला वाटतं ती शब्दांतून निघून वाद्यमेळात गेली.

उदाहरण बाईंचंच घेऊ, व्हिटनी, १९९२. पहिली पाऊण मिनिट साथच नाही. नुसता आवाज, लयसुद्धा मोकळी. आपल्याकडे आलाप करतात तसं नाही, शब्द आहेत, पण ठेका नाही. मग हलकेच वाद्यं येतात. सॅक्सोफोनचा तुकडा होतो. परत खाली. मग एक रिकामी जागा, सगळे थांबतात. ड्रमचा एकच जोरदार ठोका आणि धृपद परत येतं ते एक पट्टी वर. पांढरी सहावर चाललेलं गाणं पांढरी सातवर. अकाउंट्सच्या बाईंचा आवाज इथेच फाटला असणार. सरावात सहाला बसलेला गळा सातला उघडा पडतो.

आपल्या कानांना हे विचित्र वाटतं कारण आपला षड्ज गाणं संपेपर्यंत हलत नाही. तंबोरा लावलाय, तबला त्याच सुरात मिळवलाय, मधेच पट्टी बदलली तर तबलजी हातोडी घेऊन मारायला येईल. तिकडे पट्टी बदलणं हाच प्रसंग. बार्बरा ॲलनमध्ये घंटा वाजते तसा इथे षड्ज सरकतो. ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकवाल्यांनी तर याचा कारखाना काढला, ज्याला पॉवर बॅलड म्हणतात: साधी गिटार किंवा पियानो, दुसऱ्या कडव्याला ड्रम, मग सगळं लटांबर, गिटारचा सोलो. गन्स अँड रोझेसचं 'नोव्हेंबर रेन' जवळजवळ नऊ मिनिटं हेच करतं.

आता गंमत. व्हिटनीचं ते गाणं मूळ कंट्री गायिका डॉली पार्टनचं, १९७४. तीन मिनिटांच्या आत आटोपतं. पट्टी बदलत नाही, ओरडणं नाही, शेवटचं कडवं तर ती चक्क बोलते. आणि ते प्रियकराला उद्देशून नव्हतंच! पोर्टर वॅगनर या ज्येष्ठ गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात ती सात वर्षं होती, तो सोडताना त्याचा निरोप घ्यायला लिहिलेलं. मूळ गाणं शेजारी बसून बोलल्यासारखं, व्हिटनीचं गच्चीवरून. शब्द जवळपास तेच. दोन्ही बॅलड. म्हणून मी जिना म्हटलं खरं, पण डॉलीचं ऐकलं की माझाच जिना डगमगतो.

---

दुसरी_आजी | रविवार, दुपारी १२:१०

ते बोलून म्हटलेलं कडवं मी आत्ता ऐकलं. आवाज हलत नाही तिचा. जातं थांबवून रडणाऱ्यांतली दिसते.

---

रामेन_वरणभात | रविवार, दुपारी ४:००

हाय, मी इथली सर्वात लहान बहुतेक. कोरियात 'बॅलड' हा चक्क स्वतंत्र गानप्रकार आहे, आपल्याकडे भावगीत म्हणतात तसा. के-पॉप म्हटलं की सगळ्यांना नाचणारी पोरं आठवतात, पण मालिकांच्या मागे वाजतं ते बहुतेक बॅलडच. यू जे-हा नावाच्या गायकाचा १९८७ मध्ये एकच अल्बम आला, त्याच वर्षी तो अपघातात गेला, आणि तिथले लोक आजही कोरियन बॅलडची सुरुवात सांगताना त्याचं नाव घेतात. शब्द इंग्रजीतून आलेला, पण खुनाची गोष्ट वगैरे भानगड तिथे पोचलीच नाही.

तिरकीटकाका, तुम्ही सोलमध्ये गायला असतात तरी शून्यच मिळालं असतं. सॉरी.

---

शाहिरी_बाणा | रविवार, सायंकाळी ६:२०

भावगीत! हा शब्द आधी कुणी काढला कसा नाही? परीक्षकांच्या मनात भावगीत होतं, तिरकीटरावांच्या मनात पोवाडा. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, म्हणून शून्य. आजी, पोवाडा आणि बॅलड सख्खी नसतील, चुलत तरी माना.

---

दुसरी_आजी | रविवार, सायंकाळी ६:४५

चुलत मानते. तुम्हीही ओवीला मावसबहीण माना.

---

तिरकीट | रविवार, रात्री १०:१५

सर्वांचे आभार. शून्याचा राग पूर्ण गेलेला नाही, पण आता तो मफलरवाल्यांवर नसून १८९२ च्या त्या म्हाताऱ्या काकावर आहे.

एक कबुली. रद्दीशेठचं वाचून 'टॉम डूली' परत ऐकलं. किंग्स्टन ट्रिओनं जुन्या गाण्यातली कितीतरी हकीकत गाळलीय. सुरुवातीला दोन वाक्यं बोलून पार्श्वभूमी उरकतात आणि पुन्हा पुन्हा येतं ते धृपद: मान खाली घाल, टॉम डूली. लॉरा फॉस्टरचं नावसुद्धा त्यात नाही. मी इतकी वर्षं गोष्ट गातोय समजत होतो, ती मी गाण्याच्या आधी स्टेजवरून सांगायचो. गाण्यात नव्हतीच.

---

लसूणचटणी | सोमवार, सकाळी ७:५०

धागा आवडला. तिरकीट, गिटार नुकतीच घेतलीय, तीनच कॉर्ड येतात. 'टॉम डूली' जमेल का?

---

तिरकीट | सोमवार, सकाळी ८:०५

दोनच लागतात. डी आणि ए सेव्हन. एक शिल्लक राहील. लॉराचं नाव घालून एक कडवं स्वतः लिहा आणि तेच आधी म्हणा.